पाहुणा म्हणून सही करणारा घरमालक

84,000 रुपये. भाड्याच्या घरापायी फसलो, त्याचा आकडा आधीच सांगून टाकतो, कारण गेले तीन आठवडे "किती गेले?" हे मला सासऱ्यांपासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. वर मी कामाला आहे अकाउंट्समध्ये. दिवसभर लोकांची व्हाउचरं तपासतो, सही जुळली नाही तर बिल परत पाठवतो. ऑफिसात अजून कुणाला बोललेलो नाही.

सोलापूर सोडून पुण्यात नोकरी धरली, ऑफिस हिंजवडी फेज 2 ला, आणि मुक्काम बहिणीकडे हडपसरला. ज्यांनी हा प्रवास केलाय त्यांना पुढचं सांगायला नको. सकाळी साडेसहाला निघायचं, रात्री नऊला टेकायचं. बहीण काही म्हणत नव्हती, पण दोन महिने झाल्यावर मेहुण्यांचा टीव्हीचा आवाज वाढायला लागला. जूनमध्ये पोरीची शाळा सुरू होणार, बायको सोलापुरात सामान बांधून बसलेली. वाकड, थेरगाव, पुनावळे पालथं घातलं. वन बीएचके 22-23 हजारांच्या खाली नाही, वर एका महिन्याचं भाडं ब्रोकरला. अशात एका ग्रुपवर 18,500 ची जाहिरात दिसली. ब्रोकर नाही, थेट मालक. स्वस्त आहे म्हणजे काहीतरी गडबड आहे, हे काय मला कळत नव्हतं? कळत होतं. पण 23 हजार ब्रोकरेज वाचतंय, हे जास्त कळत होतं.

लष्करात आहे सांगून क्यूआर कोड पाठवणारे दोन भामटे मी त्याआधी बरोबर ओळखले होते, त्यामुळे स्वतःवर फाजील विश्वास. हा तसा नव्हता. हा समोर भेटला. पस्तिशीचा, नीटनेटका, मला "दादा" म्हणणारा. किल्लीने दार उघडलं, फ्लॅट दाखवला, खाली टपरीवर चहा पाजला. चहाचे पैसेही त्यानेच दिले.

आता तो क्षण. रात्री झोप लागत नाही ती याच्यामुळे.

आम्ही गेटवर पोचलो तेव्हा वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. मी नाव, नंबर लिहिला. मग या मालकाने माझ्या हातातून पेन घेतलं आणि माझ्या खालच्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं, "कोणाकडे" या रकान्यात फ्लॅट नंबर टाकला, वेळ लिहिली, सही केली. स्वतःच्या घरी जाणारा माणूस! मी बघत होतो. एक फुटावरून बघत होतो. त्याने हसून सांगितलं, "वॉचमन नवीन आहे दादा, ओळखत नाही अजून." आणि मी मान डोलावली. दोन ओळी, दोन सह्या, दोघेही पाहुणे. माझ्या टेबलावर असलं व्हाउचर आलं असतं तर मी लाल पेनाने गोल केला असता.

बायकोने व्हिडिओ कॉलवर घर पाहिलं. तो म्हणत होता, मागच्या महिन्यापर्यंत आमचीच फॅमिली राहायची इथे. बायको म्हणाली, "अहो, शेगडीमागच्या फरशीवर फोडणीचा एक डाग नाही. देवघराचा खिळासुद्धा दिसत नाही भिंतीला." मी तिला गप्प केलं. तेव्हापासून ती त्या विषयावर बोललेली नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट आहे.

पैसे असे गेले: टोकन 5,000 तिथेच उभ्या उभ्या, कारण "संध्याकाळी अजून एक पार्टी येतेय". उरलेलं डिपॉझिट 55,000. पहिलं भाडं 18,500. सोसायटीचा मूव्ह-इन चार्ज 3,000. अ‍ॅग्रीमेंटचे 2,500. सगळं यूपीआयने, दोन दिवसांत. स्क्रीनवर नाव बाईचं आलं. "मिसेसचं खातं आहे." बरं. मालकीचा पुरावा म्हणून महावितरणचं बिल दाखवलं. अहो, ते बिल खालच्या पत्रपेटीत कुणालाही सापडतं! बिल बघून पैसे देऊ नका. मालकाचं नाव सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, दोन मिनिटांचं काम आहे. मी विचारलं नाही कारण "सेक्रेटरी गावाला गेलेत" असं मला कुणी सांगितलं? त्यानेच.

अ‍ॅग्रीमेंट म्हणून पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारून आणला. ऑनलाइन नोंदणी का नाही, तर "सर्व्हर डाउन आहे, पुढच्या आठवड्यात करू". इथेच थांबा, कान धरून सांगतो. नोंदणीत मालकाचा अंगठा मशिनवर लागतो आणि आधारशी जुळावा लागतो. तोतयाचा जुळणारच नाही, म्हणून सर्व्हर डाउन असतो. आधी अंगठा, मग डिपॉझिट. समोरचा कितीही गोड बोलो.

रविवारी सोलापूरहून टेम्पो आला, भाडं 14,500 (हे वरच्या 84,000 मध्ये धरलेलं नाही). गेटवर अडवला. "एनओसी कुठंय?" खऱ्या मालकांना फोन लागला. त्यांनी फ्लॅट आठवडाभरासाठी एका माणसाला दिला होता, पाहुण्यांच्या मुक्कामासाठी म्हणून. आमचा "मालक" तोच. तो शुक्रवारीच किल्ली ठेवून गेला होता. मला दिलेली किल्ली कुठल्या कुलपाची, देव जाणे. पोरगी फ्रिजच्या खोक्यावर बसून विचारत होती, आपलं घर कितव्या मजल्यावर आहे. सोसायटीचं नाव लिहीत नाही, त्या मालकांनी हात जोडलेत, आणि त्यांची चूक माझ्याहून लहान आहे.

टेम्पोवाला वेटिंगचे दीड हजार लावून निघाला, सामान बहिणीच्या पार्किंगमध्ये. त्याच रात्री 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तक्रार क्रमांक मिळाला. त्या खात्यात होल्ड झाले 1,140 रुपये. बाकी आधीच काढलेले. शुक्रवारी कळलं असतं तर कदाचित काही अडकले असते, म्हणून संशय आल्या मिनिटाला फोन करा, नातेवाइकांशी चर्चा नंतर.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: "हा दिवाणी मामला आहे." म्हटलं, साहेब, तो मालकच नव्हता, दिवाणी कसला? "पैसे कुठून पाठवले?" टोकन सोडून बाकीचे सोलापूरहून. "मग सोलापूरला तक्रार द्या." मी वाचून गेलो होतो. 1 जुलै 2024 पासून नवीन कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता; हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो, कलम 173. हे म्हटल्यावर उत्तर: "वकील आहात का?" मग सायबरकडे. तिथे म्हणाले, माणूस समोरासमोर भेटला ना, मग हे सायबर कसं? बँकेत गेलो तर "पिन तुम्हीच टाकलाय सर". म्हणजे समोर भेटला म्हणून सायबर नाही, मोबाइलवर पैसे दिले म्हणून ठाण्याचं नाही, पिन माझा म्हणून बँकेचं नाही! तीन रजा गेल्या. गेटवरच्या सीसीटीव्हीचं फुटेज पोलिसांचं पत्र असल्याशिवाय सोसायटी देत नाही, आणि पत्र देणारे साहेब बंदोबस्तात. वर एकाने मलाच सुनावलं, नोंदणी नसलेलं अ‍ॅग्रीमेंट केलंत कशाला, भाडे नियंत्रण कायद्यात नोंदणी सक्तीची आहे. आहे ना, कलम 55. पण ती करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि माझा मालकच खोटा होता! शेवटी तक्रार अर्जावर पोच मिळाली. एफआयआर नव्हे, अर्ज. बाकावर शेजारी जळगावचा एक मुलगा बसला होता. तोच फ्लॅट, तोच चहा. त्याचे 62,000.

त्यानेच काल मला नवी जाहिरात पाठवली. फोटो तेच, भाडं आता 17,500, मोबाइल नंबर वेगळा. हॉलच्या फोटोत हिरवा पडदा आहे आणि खिडकीखाली एक पाय नसलेलं प्लास्टिकचं स्टूल, भिंतीला टेकवून ठेवलेलं. ते दिसलं तर फोन करू नका. जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्या आणि मला पाठवा, अर्जाला जोडायचाय.