व्हील बेअरिंगचं किट: आठ महिने आणि चार बेअरिंगांनंतर

चाकाचं बेअरिंग काढायचं-बसवायचं हे किट गेल्या जूनमध्ये ऑनलाइन मागवलं, २,४५० रुपयांना. लांब स्क्रू, सोळा लोखंडी वाट्या आणि निळा डबा, फोटोत दिसतं तसंच. आत्ता लिहितोय, कारण परवा मेहुण्याच्या गाडीचं बेअरिंग याच किटनं बदललं आणि पहिल्याच दमात जमलं. जुलैमध्ये लिहायला बसलो असतो तर 'घेऊ नका' एवढंच लिहिलं असतं.

माझी गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक. मागच्या पावसाळ्यात दोनदा चाकं निम्मी बुडतील एवढ्या पाण्यातून काढली होती. बेअरिंगच्या सीलमधून (कडेच्या झाकणातून) पाणी शिरलं की ग्रीस धुपतं आणि गोळ्यांना गंज धरतो. चाळिसच्या पुढं घूं घूं सुरू झालं. आधी टायरचा आवाज वाटला. पण हायवेला उजवीकडे वळण घेताना आवाज वाढायचा, डावीकडे घेताना बसायचा. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो, म्हणजे डावं बेअरिंग गेलं. गॅरेजवाल्यानं पुढच्या दोन्ही बाजूंचे ५,८०० सांगितले. बेअरिंग १,३५० ला एक. मजुरीचे तीन हजार वाचवायचे म्हणून किट घेतलं.

काढायचं काम किटनं उत्तम केलं, यात शंका नाही. हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केला (घट्ट नट सोडवायला जोर लावताना गाडी जॅकवर नको), ब्रेकचा कॅलिपर तारेनं टांगला, शाफ्ट बाहेर काढून हब उपसला. हबबरोबर बेअरिंगच्या आतल्या रेसचा (गोळ्या जिच्यावर फिरतात त्या कड्याचा) अर्धा भाग चिकटून आला, तो ग्राइंडरनं चीर पाडून छिन्नीनं उडवला. बेअरिंग अडवून धरणारी सर्क्लिप काढली आणि स्क्रू फिरवला, तर जुनं बेअरिंग कडकड आवाज करत बाहेर. नकल (बेअरिंग ज्यात बसतं तो भाग) सस्पेन्शनच्या स्ट्रटवरच राहिला, हायड्रॉलिक प्रेसवाल्याकडे न्यावा लागला नाही.

आता खरी तक्रार. सोळा वाट्या आहेत आणि एकीवरही माप कोरलेलं नाही! बाहेरचं माप नाही, आतलं नाही, साधा नंबरही नाही. मार्करनं लिहिलं तर ग्रीसच्या हातानं तासाभरात पुसलं जातं. हा बारीक मुद्दा वाटेल, पण या कामात सगळा खेळ मापाचा आहे. बेअरिंग नकलमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर हवा. मग हब आत ओढताना मागून आतल्या रेसलाच टेकू हवा. यात चूक झाली की सगळा दाब गोळ्यांमधून जातो आणि रेसवर बारीक खड्डे पडतात. नवं कोरं बेअरिंग बसतानाच मरतं.

माझं तेच झालं. संध्याकाळी उजेड कमी, हब ओढताना हातात आली ती वाटी मागून लावली. ती आतून ४९ मिलिमीटरची होती आणि आतली रेस बाहेरून ४५ ची. वाटी रेसभोवती सरकून थेट नकलवर टेकली. हब बसला, चाक फिरलं, मी खूश. पाच आठवड्यांनी तोच घूं घूं. तेव्हा व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावून मापलं आणि कळलं.

विक्रेत्याला फोन केला. 'सर, प्रॉडक्ट डॅमेज नाही, रिटर्न होणार नाही.' चार फोन, चार माणसं, उत्तर तेच. मापं कोरायला कारखान्यात कितीसा खर्च येतो?

शेवटी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी जुनी रेस हातात घेतली, दोनदा फिरवून बघितली आणि मापाची नळी कातून दिली. दीडशे रुपये. 'ही रेसलाच टेकंल, दुसरीकडं कुठं नाही,' म्हणाले. त्या नळीनं दुसऱ्यांदा डावं केलं, मग उजवं. या वेळी बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं होतं, आत सहज गेलं. एबीएस (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडे आली पाहिजे, उलटी बसली तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो. हब नट टॉर्क पान्यानंच (किती जोरानं कसतोय ते मोजणाऱ्या), मॅन्युअलमधल्या आकड्याला. आणि तो कसल्याशिवाय गाडी चाकावर उतरवू नका.

हिशोब मांडला तर पहिल्या फेरीत मी तोट्यातच गेलो. किट, तीन बेअरिंगं आणि नळी मिळून ६,६५०. गॅरेजपेक्षा ८५० जास्त. परवा मेहुण्याची मजुरी वाचली तेव्हा कुठे भरून निघालं. पण ऑगस्टपासून नऊ हजार किलोमीटर झाले, आंबा घाट चार वेळा उतरलो, काचा बंद केल्यावर फक्त इंजिन ऐकू येतं. म्हणून मत बदललंय. स्क्रू आणि त्याखालचं, दाब पेलणारं थ्रस्ट बेअरिंग दणकट आहे, आटे अजून जसेच्या तसे. वर्षातून एकच बेअरिंग बदलणार असाल तर गॅरेजच बरं. घरात दोन-तीन जुन्या गाड्या असतील तर घ्या, सोबत व्हर्नियर घ्या.

नंबर पंचचा सेट आणून रविवारी सोळाही वाट्यांवर आतलं-बाहेरचं माप ठोकून घेतलंय.