विश्वास की सत्कृत्ये: चर्च निवडताना नेमकं काय पाहावं

मुलगी सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या (एसएफएस) कॅथलिक पॅरिशमधली, मुलगा ऑल सेंट्सच्या प्रोटेस्टंट मंडळीतला. नागपुरात अशी लग्नं होतात आणि चांगली टिकतात. बाप्तिस्मा दोन्हीकडे पाण्याने आणि त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या, नावाने झालेला असतो, त्यामुळे चर्च बदललं तरी तो पुन्हा घ्यावा लागत नाही. अडतं ते दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी) कुठे घ्यायचं, लेकरांना कुठे न्यायचं यावर. आणि त्याच्या तळाशी प्रश्न असतो तारणाचा: नुसत्या विश्वासाने, की विश्वास आणि सत्कृत्ये मिळून? मी दोन्ही बाजू तपासून निवड केली आहे. माझा कल पुढे दिसेलच, पण दुसऱ्या बाजूचं वजन कमी करून सांगणार नाही.

कोण जास्त सेवा करतं यावरून ठरवू नका. एकीकडे एसएफएसच्या शाळा-कॉलेज, दुसरीकडे हिस्लॉप कॉलेज आणि म्यूर मेमोरियल हॉस्पिटल. बाहेरून पाहणाऱ्याला फरक सांगता येणार नाही.

दोन ऐकीव समजुतीही बाजूला ठेवा. कॅथलिक माणूस पुण्य साठवून स्वर्ग विकत घेतो, ही पहिली. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी, आपल्या सहाव्या सत्रात, या विषयावर ३३ नियम काढले. त्यातला पहिलाच नियम असा, की ख्रिस्ताच्या कृपेवाचून केवळ स्वतःच्या कृत्यांनी माणूस नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरतो असं म्हणणारा मंडळीबाहेर. त्याच ठरावाच्या आठव्या प्रकरणात आहे, की नीतिमान ठरण्याआधीची कुठलीही गोष्ट, मग तो विश्वास असो वा कृत्य, त्या कृपेचा हक्क मिळवून देत नाही. दुसरी समजूत अशी, की प्रोटेस्टंट 'विश्वास ठेवा आणि हवं तसं वागा' म्हणतात. प्रोटेस्टंटांच्या रिफॉर्म्ड शाखेच्या १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीने हाच आक्षेप ६४ व्या प्रश्नात घेतला आणि साफ फेटाळला: जो ख्रिस्ताशी जोडला गेला, त्याच्याकडून कृतज्ञतेची फळं येणार नाहीत हे अशक्य.

म्हणजे कृपा आधी, हे दोघांनाही मान्य. सत्कृत्ये हवीत, हेही मान्य. ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये लुथरन (मार्टिन लुथरच्या परंपरेतले प्रोटेस्टंट) आणि कॅथलिकांनी याच आशयाच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्या त्यात आल्या. त्यामुळे 'ते चूक, आम्ही बरोबर' अशा थाटात कुणी समजावू लागलं, तर त्याने अलीकडचं काही वाचलेलं नाही असं समजायला हरकत नाही.

मग फरक उरतो कुठे? प्रोटेस्टंट बाजूला देव पाप्याला नीतिमान ठरवतो ते ख्रिस्ताचं नीतिमत्त्व त्याच्या नावे धरून. विश्वास म्हणजे ते स्वीकारणारा रिकामा हात. सत्कृत्ये त्यानंतर येतात, त्या निकालात त्यांचा वाटा नसतो. कॅथलिक बाजूला देव माणसाला नीतिमान ठरवतो म्हणजे आतून तसा करतो. ती कृपा सत्कृत्यांनी वाढते आणि गंभीर पापाने जाऊही शकते. पाप गंभीर ठरायला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर, पूर्ण जाणीव आणि स्वेच्छेने दिलेली संमती. तिन्हींपैकी एक नसेल तर ते त्या वर्गात येत नाही. ही अट पुष्कळ जण विसरतात आणि विनाकारण घाबरून राहतात.

वचनांच्या जोरावर वाद मिटवायला जाल तर मिटणार नाही. पौल रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात अब्राहामाचा दाखला देतो तो उत्पत्ती १५:६ चा: त्याने विश्वास ठेवला आणि ते नीतिमत्त्व गणलं गेलं. याकोब दुसऱ्या अध्यायात तोच अब्राहाम आणि तेच वचन घेतो, पण त्याला इसहाकाच्या अर्पणाशी, म्हणजे उत्पत्ती २२ शी जोडतो आणि म्हणतो, विश्वास कृत्यांनी पूर्ण झाला. लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराचंही तसंच. येशू आधी त्याच्या घरी जातो. मग जक्कय उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल करतो. त्यानंतर येशू म्हणतो, आज या घराला तारण मिळालं. प्रोटेस्टंट वाचक पहिल्या पायरीवर बोट ठेवतो, कॅथलिक तिन्ही पायऱ्या एकत्र धरतो. मला दुसरं वाचन मजकुराला जास्त धरून वाटतं, पण पहिलं ओढूनताणून केलेलं आहे असं म्हणता येत नाही. येशूशेजारी वधस्तंभावर मरताना तारण मिळालेल्या चोरापाशी तर पहिलीच बाजू वरचढ ठरते. त्याला सत्कृत्यांसाठी वेळच नव्हता.

माझ्यापुरता निर्णय झाला तो एका अडचणीवरून. विश्वास ठेवलेला माणूस पडतो. खोटी सही करतो, भावाच्या वाट्याची जमीन दाबतो, वर्षानुवर्षं चाललेलं व्यसन लपवतो. मग त्याला शंका येते: माझा विश्वास मुळात खरा होता का? प्रोटेस्टंट बाजूचं कागदावरचं उत्तर सुंदर आहे: स्वतःकडे नको, ख्रिस्ताकडे बघ. पण अँग्लिकन परंपरेच्या (इंग्लंडच्या चर्चच्या) ३९ कलमांतलं बारावं कलम सांगतं, की जिवंत विश्वास सत्कृत्यांवरून ओळखू येतो, जसं फळावरून झाड. हायडेलबर्गचा ८६ वा प्रश्नही सत्कृत्यांचं एक कारण हेच देतो, की फळांवरून आपल्या विश्वासाची खात्री पटावी. म्हणजे खात्री शोधायला निघालेला माणूस फिरून स्वतःच्या कृत्यांपाशीच येतो, आणि नेमकी तीच तर बिघडलेली असतात. प्रामाणिक, हळवी माणसं या फेऱ्यात जास्त अडकतात. निर्ढावलेल्याला हा प्रश्न पडतच नाही. पाहण्यात असं येतं, की अशा माणसाला 'अजून विश्वास ठेव' म्हटलं की तो विश्वासाचंच एक कृत्य करून बसतो आणि तेही पुरेसं झालं की नाही हे तपासत राहतो.

कॅथलिक बाजूला याच जागी एक ठरलेली वाट आहे. सदसद्विवेकाची तपासणी, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, फादरांसमोर कबुली, प्रायश्चित्त. पश्चात्ताप नुसत्या शिक्षेच्या भीतीचा असला तरी या संस्कारात तो पुरतो, हे फार मोलाचं आहे. क्षमेचे शब्द बाहेरून, दुसऱ्याच्या तोंडून कानावर पडतात. मनातल्या भावनेचं तापमान मोजत बसावं लागत नाही. चुका इथेही होतात. गंभीर पाप मुद्दाम लपवलं तर कबुली वाया जाते. निश्चय नसेल तरी तेच. आणि दाबलेली जमीन परत द्यावीच लागते, दहा वेळा 'नमो मरिये' म्हटल्याने ती फिटत नाही. सत्कृत्य तारणाच्या आत कसं बसतं, हे मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

उलट बाजूही सांगायला हवी. ऑल सेंट्सच्या उपासनेत सामुदायिक पापकबुली आहे आणि पाळकसाहेब क्षमा जाहीर करतात. लुथरनेही खासगी कबुली टाकून दिली नव्हती. आणि कॅथलिक घरात 'मी पुरेसं केलं का' ही टोचणी मरणाच्या खाटेपर्यंत पोचू शकते, कारण ट्रेंटच्या मते शेवटपर्यंत टिकून राहण्याची पक्की खात्री विशेष प्रकटीकरणाशिवाय कुणालाच नसते. ज्याचा स्वभाव हिशेबी आणि भित्रा, त्याला प्रोटेस्टंट मांडणी कदाचित जास्त मोकळा श्वास देईल. माझ्या अनुभवात मात्र नियमित कबुली देणारा माणूस या टोचणीतून लवकर बाहेर येतो.

ऑल सेंट्स ज्यात येतं ते चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच जन्मलं, सहा मंडळ्या मिळून. त्यामुळे तिथे विचारताना पाळकसाहेबांची परंपरा कोणती हे आधी विचारा. स्कॉटिश प्रेस्बिटेरियन वळणाचे असतील तर देवाने निवडलेला माणूस अखेरीस हरवत नाही म्हणतील, मेथडिस्ट वळणाचे असतील तर कृपा गमावता येते म्हणतील. दोघांचा सल्ला एकच नसणार. फादरांना विचाराल तेव्हा गंभीर पापाच्या त्या तीन अटी उदाहरण देऊन समजावून घ्या. त्याआधी घरी रोमकरांस पत्र ३ आणि ४, याकोब २, हायडेलबर्गचे ६० ते ६४ प्रश्न आणि ट्रेंटच्या सहाव्या सत्राची १६ प्रकरणं वाचून काढा. दोघांनी मिळून, मोठ्याने वाचलं तर दोन संध्याकाळी पुरतात.