फायरबॉल जिग आणि मिनो: वॉलाय, पाईक आणि थोडी आपली नर्मदा

हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितेय ज्यांची मुलं, भाऊ, दीर अमेरिकेत मिनेसोटाकडे आहेत आणि जे मे-जूनमध्ये तिकडे जाणार आहेत, कारण आपल्या इंदूरच्या रामबागेतून आणि सुदामा नगरातूनच कितीतरी लोक जातात आणि तिथे मॉल झाले, मंदिर झालं, नातवंडांची शाळा बघून झाली की पुढे करायचं काय हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. मासे धरायला जा. अगदी मनापासून सांगतेय. आणि त्यासाठी एकच वस्तू नीट बघून घ्यायची असेल तर जिग नीट घ्या, रॉड-रील कोणाचंही मागून चालतं.

मी वापरलेला जिग म्हणजे नॉर्थलँड कंपनीचा फायरबॉल. कंपनी मिनेसोटातल्याच बमिजी गावची, १९७५ पासूनची, म्हणजे ज्या तलावांवर हा जिग चालतो तिथेच तो घडलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, जिग म्हणजे गळाच्या मानेवर शिशाचा गोळा ओतलेला असतो, वजन आणि गळ एकाच तुकड्यात, आणि त्या गळाला छोटा मासा, म्हणजे मिनो, लावून तो तळाशी सोडायचा. बस इतकंच. वॉलाय हा तळाजवळ राहणारा मासा आहे, त्याला समोरून हळू जाणारा छोटा मासा दिसला की तो घेतोच, म्हणून शंभर प्रकारचे लुअर, म्हणजे नकली आमिषं, आले तरी तिकडचे जुने लोक जिग-मिनो सोडत नाहीत.

फायरबॉलमध्ये वेगळं काय, तर गळाची दांडी आखूड आहे आणि वाक रुंद आहे. साध्या जिगची दांडी लांब असते, त्यात मिनोचं डोकं शिशापासून लांब राहतं किंवा मग मासा दांडीवर ओवून घ्यावा लागतो. आखूड दांडीत मिनोचं डोकं थेट शिशाच्या गोळ्याला टेकतं, त्यामुळे पाण्यात तो गोळा आणि मासा मिळून एकच जीव वाटतो, आणि गळाचं टोकही मोकळं राहतं. शिवाय याला दोन कड्या आहेत, एकीत लाईन, म्हणजे गळाची दोरी, बांधायची आणि दुसरीत हवा असेल तर मागे लोंबणारा छोटा जादा गळ लावायचा, त्याला ते स्टिंगर म्हणतात. थंड पाण्यात मासा नुसती मिनोची शेपटी तोडून नेतो ना, तेव्हा हा स्टिंगर कामाला येतो. एरवी लावू नका, झाडपाल्यात अडकतो आणि मिनोची चालही बिघडते.

आम्ही विनिबिगोशिशवर गेलो होतो, सगळे त्याला विनी म्हणतात. भला मोठा तलाव, मिसिसिपी नदी त्याच्या पोटातूनच पुढे जाते. माझे दीर तिकडे बरीच वर्षं आहेत, त्यांच्याच बोटीत. सकाळी आधी बेट शॉपमध्ये थांबायचं, तिथे टाक्यांमधून जिवंत मासे जाळीने काढून पिशवीत देतात, फॅटहेड नावाचे जाडसर आणि शायनर नावाचे चांदीसारखे लकलकणारे. विनीवर शायनरच चालतो असं दुकानदारापासून धक्क्यावरच्या आजोबांपर्यंत सगळे एकमुखाने सांगतात आणि ते खरं आहे. फक्त शायनर नाजूक असतो, पाणी तापलं की लगेच मरतो, तेव्हा बादलीत गार पाणी आणि छोटा एअर पंप पाहिजेच.

लावायची पद्धत नीट सांगते, कारण अर्धा खेळ इथे आहे. मासा ओल्या हाताने धरायचा, कोरड्या हाताने खवले निघतात. गळाचं टोक खालच्या जबड्याकडून तोंडातून घालून डोक्याच्या वरच्या बाजूने, डोळ्यांच्या जरा पुढे बाहेर काढायचं. मेंदूत गेलं तर मासा तिथेच संपतो, आणि फार पुढे ओठातच राहिलं तर पहिल्याच झटक्याला फाटून निघून जातो. बरोबर लागला की तो शिशाला धरून सरळ राहतो, वाकडा फिरत नाही. फिरायला लागला तर लाईनला पीळ बसतो आणि वॉलाय बघून सोडून देतो. लांब दांडीच्या जिगला वेगळी रीत आहे, तोंडातून घालून कल्ल्यातून काढायचा आणि परत पाठीत टोचायचा. मासा घट्ट बसतो पण जगत नाही, ओढत नेण्यासाठी ती रीत बरी.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. लोक दुकानात उभे राहून रंग निवडतात, पोपटी घेऊ का गुलाबी घेऊ का अंधारात चमकणारा घेऊ, आणि वजन मात्र जे हाताला लागेल ते उचलतात. उलट करा. वजन आधी. नियम एकच, तळ कळेल इतकाच जड, त्याहून एक ग्रॅम जास्त नको. १/८ औंस म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम, तो सहा ते दहा फूट पाण्यात. १/४ औंस, सात ग्रॅम, दहा ते वीस फुटांत. आणि ३/८, साडेदहा ग्रॅम, त्याहून खोल किंवा वारा जोरात असेल तेव्हा. जड जिग धप्पकन तळाला बसतो आणि गाळात रुततो, मिनो हलतच नाही, आणि मासा तोंडात घेतो तेव्हा त्याला ते वजन जाणवतं. हलका जिग सावकाश तरंगत खाली येतो आणि वॉलाय बहुतेक वेळा खाली येतानाच घेतो. बोट वाऱ्यावर वाहतेय, लाईन तिरपी होत होत मागे चाललीय, तळ कळेनासा झाला, की मगच पुढचं वजन लावायचं. दिवसात तीन-तीन वेळा जिग बदलावा लागतो, बदला, कंटाळू नका.

हलवायचं कसं, तर रॉडचं टोक वीतभर उचलायचं आणि लाईन ताणलेली ठेवूनच खाली सोडायचं. ढील दिली की चावा कळतच नाही. वॉलायचा चावा म्हणजे झटका नसतो बरं का, नुसती एक टिचकी, कधी तर तेवढंही नाही, रॉड उचलला की ओल्या फडक्याएवढं वजन लागतं फक्त. तेव्हा क्षणभर थांबून, रॉडचं टोक जरा पुढे देऊन मग ओढायचं. सहा-साडेसहा फुटी हलका रॉड आणि सहा किंवा आठ पौंडाची, म्हणजे तेवढं वजन पेलणारी, लाईन पुरते.

संध्याकाळ सोडू नका. वॉलायच्या डोळ्याच्या मागे प्रकाश परत फेकणारा पडदा असतो, मांजरीच्या असतो तसलाच, त्यामुळे कमी उजेडात त्याला छान दिसतं आणि छोट्या माशांना दिसत नाही, म्हणून तो तिन्हीसांजेला उथळ पाण्यात खायला येतो. बोटीत घेतलेल्या माशावर दिरांनी डोक्याचा टॉर्च टाकला तेव्हा ते डोळे दुधी काचेसारखे चमकले, मी बराच वेळ बघतच राहिले. शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका, पाठीवर काटेरी पर, अंग सोनेरी-हिरवट. फार देखणा मासा आहे. दिवसा धरायचा तर लाटा उठवणारा वारा हवा, सपाट उन्हात तो खोल निघून जातो. धरताना कल्ल्याचं झाकण टाळा, कडेला ब्लेडसारखं धारदार असतं.

पाईक हा तिकडचा दुसरा शिकारी मासा, त्याचं सगळं निराळं. तो गवताच्या कडेला दबा धरून बसतो आणि मिनो दिसला की बाणासारखा येतो, टिचकी वगैरे काही नाही, रॉड सरळ वाकतोच. आणि दात असे की लाईन कात्रीने कापल्यासारखी स्वच्छ तुटते, जिग गेला. यावर उपाय म्हणजे पुढे बारीक तारेचा तुकडा लावायचा, पण तार दिसली की वॉलाय कमी घेतात, हे मी बघितलंय. म्हणून ज्या दिवशी वॉलाय हवाय त्या दिवशी तार लावू नका, थोडी जाड फ्लुरोकार्बन लाईन, जी पाण्यात कमी दिसते, पुढे लावा आणि चार-पाच जिग जातील हे धरूनच पाकीट घ्या. पाईकच्या तोंडात बोट घालायचं नाही, कधीच नाही. लांब चोचीची पक्कड बोटीत हाताशीच हवी. कल्ल्यांच्या लाल भागाला न शिवता झाकणाच्या आत कडेने बोटं सरकवून डोकं धरायचं, मग तो तोंड उघडतो आणि गळ पकडीने उलटा फिरवून काढता येतो.

फायरबॉल साध्या गोल जिगपेक्षा महाग पडतो हे खरं. म्हणून मी ऑनलाईन एक स्वस्त पॅकही मागवला होता, विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, पण त्यातल्या निम्म्या जिगच्या कडीत रंग भरून बंद झालेला, प्रत्येकात सुई घालून भोक मोकळं करायचं, आणि गळ असा मऊ की मोठ्या पाईकने सरळच केला. गार वाऱ्यात बोटं बधिर असताना ते कडी खरवडणं नको वाटतं. फायरबॉलची मर्यादा एकच, रबरी मासा लावायचा असेल तर आखूड दांडीवर तो नीट बसत नाही, त्यासाठी लांब दांडीचा वेगळा जिग घ्या. हा जिवंत माशासाठीच आहे.

लायसन्सशिवाय गळ पाण्यात टाकू नका, बाहेरच्या लोकांना २४ तासांचं, ७२ तासांचं, सात दिवसांचं असं मिळतं, डीएनआरच्या, म्हणजे तिथल्या राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या, साईटवरच. तलावातून निघताना बादलीतलं पाणी तिथेच ओतून रिकामं करायचं, एका तलावाचं पाणी दुसऱ्या तलावात नेणं गुन्हा आहे, उरलेले मिनो ठेवायचे असतील तर नळाचं पाणी भरा. मिनो तलावात सोडायचे नाहीत. किती मासे, किती लांबीचे ठेवायचे हे तलावाप्रमाणे बदलतं, पाईकसाठी तर २०१८ पासून राज्याचे तीन झोन केलेत, तेव्हा धक्क्यावरची पाटी वाचा. आणि शिसं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नका, विशेषतः पोरं बरोबर असतील तर. कॅनडाच्या नॅशनल पार्कांमध्ये छोटे शिशाचे जिग बंदच आहेत, पक्षी गिळून मरतात म्हणून, तिकडे जाणार असाल तर टंगस्टनचे घ्या.

खाण्याचं न लिहून कसं चालेल, आम्ही सीकेपी. वॉलायचं मांस पांढरं, घट्ट, वास जवळजवळ नाहीच, काटा काढून दोन सरळ तुकडे निघतात. जाऊबाईंनी हळद, तिखट, मीठ, लिंबू लावून तांदळाच्या पिठात घोळवून तळले, इंदूरहून नेलेलं तिखट, आणि त्याला दुसरं काही लागत नाही. पाईकही चवीला चांगला, पण त्यात इंग्रजी वाय आकाराचे काटे असतात, ते काढायची रीत शिकलेला माणूस घरात हवा.

येताना दोन पाकिटं घेऊन आले (चेक-इनच्या बॅगेत). बडवाहच्या पुढे नर्मदेवर वापरले. इथे वॉलाय नाही, पण पाढीन आहे, तोही तळाचा, मोठ्या तोंडाचा, छोटे मासे खाणारा. नावाडी भैयांनी जिग तळहातावर घेऊन बघितला आणि म्हणाले, "भाभी, वजन तो बढ़िया है, पर काँटा पाढिन के हिसाब से छोटा है." अगदी बरोबर. १/४ औंसला चिलवा, म्हणजे इथला छोटा मासा, लावून खडकाच्या कडेला खाली-वर केला तर छोटे पाढीन येतात, मोठ्यासाठी याच वजनाचा जाड आणि मोठा गळ असलेला जिग पाहिजे, आणि दातांसाठी तार इथेही लावा. मरळसाठी मात्र घेऊ नका, मरळ राहतो पाणवनस्पतीत आणि उघडा गळ प्रत्येक वेळी गवत घेऊनच वर येतो. महसीर लागला तर पाण्यातच गळ काढून सोडून द्या, मध्य प्रदेशचा राज्य मासा आहे आणि आता कमी उरलाय. घाटांवरच्या, लोक लाह्या घालतात त्या माशांच्या आसपासही गळ नको. धरणाच्या पाण्यात समितीला किंवा ठेकेदाराला आधी विचारा, आणि १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, ते माशांच्या विणीचे दिवस, तेवढे दिवस रॉड घरीच ठेवा आणि जिगांना गंज लागू नये म्हणून डब्यात तेलाचा बोळा टाकून ठेवा.