पाच एचपीचा सौरपंप: तीन उन्हाळ्यांनंतर

अंबड तालुक्यात आमचं साडेचार एकर रान आहे. अडीच एकर मोसंबी, बाकी कापूस, गहू. विहिरीवर लाईट नव्हती. फेब्रुवारी २०२३ मध्ये कुसुम योजनेतून सौरपंप बसवला. आमचा हिस्सा दहा टक्के, बाकी सरकारचा.

पंप सकाळी नऊच्या सुमाराला धार धरतो. अकरा ते तीन पाइप भरून पाणी, चारनंतर धार बारीक. ढगाळ दिवशी ठिबकला दाब मिळत नाही, शेवटच्या ओळीतल्या झाडांखाली माती कोरडीच राहते. पॅनल आठवड्यातून एकदा तरी पुसावे लागतात, धुळीने पाणी लगेच कमी होतं.

तरीही घ्याच म्हणेन, कारण रात्रीचं दारं धरणं सुटलं. आधी दिरांच्या मोटारीवरून पाणी घ्यायचो. एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. एकदा गव्हात बॅटरीच्या उजेडात यांच्या पायापासून हातभर अंतरावर मण्यार दिसली. त्यानंतर रात्रपाळी असली की हे परत येईपर्यंत मला झोप नसायची.

आता तक्रार. एप्रिल २०२४ मध्ये पंप बंद पडला. कंट्रोलरवर, म्हणजे पंप चालवणाऱ्या पेटीवर, ‘ड्राय रन’ (पाणी नाही) असा इशारा, विहिरीत मात्र दोन परस, म्हणजे दोन पुरुष खोल पाणी. पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडे आहे. रोज फोन केले, माणूस आला एकोणिसाव्या दिवशी. पुन्हा दिरांच्या विहिरीवरून पाइप ओढला, पण त्यांनाच पाणी पुरेना. सुपारीएवढी फळं गळून झाडाखाली सडा पडला. ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

त्याच वर्षी जुलैत सरकारने साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं वीजबिल पाच वर्षांसाठी माफ केलं. दिरांना शून्याचं बिल आलं. २० नोव्हेंबरला विधानसभेच्या मतदानाला जाताना जाऊबाई म्हणाल्या, “आमचं बिल गेलं, आम्ही मत देणारच. तुम्ही पैसे भरून बसलात.” त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मतदानाआधी त्यांच्या हातात कागद होता. आमचं बिल वाचतं, रात्रीची झोप वाचते, पण तसा कागद कुणी आणून देत नाही. गावात वीजजोडणीच्या पोलसाठी कोटेशनचे पैसे भरून वाट पाहणाऱ्यांना नंतर सौरपंपच घ्या म्हटलं, त्यांचा राग वेगळाच.

प्रचाराला दारात आलेल्या प्रत्येकाला मी विचारलं, कंट्रोलर बिघडला तर माणूस किती दिवसांत येईल? वीजबिलावर सगळे भरभरून बोलले, याचं उत्तर एकाने दिलं नाही. सौरपंप गावोगाव पोचवायचा असेल तर तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्तीचा माणूस आणि एक जादा कंट्रोलर ठेवा. माझं मत त्यावर ठरेल, आणि गळलेली फळं ज्यांनी पाहिली त्यांचंही.

घेणार असाल तर वळवाच्या वाऱ्याआधी स्ट्रक्चरचे नटबोल्ट आवळून घ्या, आणि शेजारच्या विहिरीवरून येणारा जुना पाइप विकू नका.