बिघाड, व्हायरस की हॅक? घरचा कॉम्प्युटर येड्यासारखं करायला लागला की

पावसाळ्यात मंगळवार पेठेतून आत्याचा फोन आला. "कॉम्प्युटर हॅक झालाय बघ. मी काय सुद्धा दाबलो नाही." (आमच्या कोल्हापुरात बायकाही 'मी आलो, मी दाबलो' म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) जीमेल उघडेना, बँकेची साइट उघडेना, जाईल तिथं 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा. शेजारच्या पोरानं निदानही करून टाकलं होतं की हॅकर आत बसलाय.

मी गेलो, चहा घेतला आणि स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात बघितलं. तारीख होती १ जानेवारी २०१५. आदल्या रात्री लाइट गेली होती, आणि मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल, सीआर २०३२, संपला होता. मशीनच्या हिशेबानं अजून २०१५ सालच चालू होतं. प्रत्येक साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून चालू' असं लिहिलेलं असतं. ती तारीख या कॉम्प्युटरच्या दृष्टीनं अजून उजाडलीच नव्हती, म्हणून तो एकेका साइटला दारातूनच परत पाठवत होता. घड्याळवाल्याकडून सेल आणला, बसवला, तारीख लावली, काम झालं. दुकानात नेला असता तर फॉरमॅट मारून, म्हणजे सगळं पुसून, मिळाला असता, आणि सेल संपलेलाच राहिला असता.

घरच्या मशीनला जे काही होतं ते माझ्या मते तीन खात्यांत जातं: साधा बिघाड, जाहिरातबाज उपद्रव, आणि खरी चोरी. लोक पहिल्या दोन्हींना हॅकिंग म्हणतात आणि तिसऱ्याकडे त्यांचं लक्षच जात नाही, कारण ती होताना मशीन अगदी शहाण्यासारखं चाललेलं असतं. म्हणून एकेक लक्षण घेऊन ते कुठल्या खात्यातलं, ते शेजारी शेजारी ठेवून बघू.

हळू चालणं

बहुतेक वेळा हा बिघाड असतो. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर, म्हणजे आत काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी, उघडेल. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के आणि सीपीयू, म्हणजे मशीनचा मेंदू, जवळपास रिकामा, असं असेल तर जुनी फिरती हार्ड डिस्क दमलीय. एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाका, तेच मशीन पळायला लागेल. वर 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' दिसलं की लोक घाबरतात, पण तो विंडोजचा स्वतःचा डिफेंडर, म्हणजे वॉचमनच आहे. दोन-दोन अँटिव्हायरस टाकून ठेवले असतील तर ते एकमेकांच्याच तंगड्यात तंगडी घालतात, त्यातला एक काढा.

तुमचं मशीन राबवून दुसऱ्यासाठी चोरून क्रिप्टो (आभासी चलन) खोदणारा, म्हणजे कमावणारा, प्रोग्रॅम असेल तर चित्र वेगळं दिसतं. मशीनला कुणी हात लावलेला नाही, तरी पंखा घरघरतोय. तुम्ही टास्क मॅनेजर उघडता आणि सगळं गप्प होतं. यातले काही प्रोग्रॅम टास्क मॅनेजर उघडलेला बघून लपतात. अर्थात मशीन रिकामं असताना विंडोजही आपली झाडलोट करतंच, त्यामुळे एका संध्याकाळवरून निकाल देऊ नका. रोज तेच होत असेल तर संशय घ्यायला हरकत नाही.

आपोआप हलणारा माऊस

काचेच्या टेबलावर ठेवलेला किंवा पोटात केस अडकलेला माऊस जागच्या जागी थरथरतो, भरकटतो. दूर बसून नेटवरून तुमचं मशीन चालवणारा माणूस थरथरत नाही. तो सरळ जाऊन ब्राउझर उघडतो, काहीतरी टाइप करतो. असं दिसलं तर विचार करत बसू नका, राउटरचा प्लग काढा.

खिडक्या, सूचना आणि लाल पडदा

इथं सगळ्यात जास्त गल्लत होते, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, उजव्या कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी उगवणारी 'तुमच्या मशीनमध्ये १७ व्हायरस' अशी पट्टी. फुकट मॅच दाखवणाऱ्या कुठल्यातरी साइटवर 'रोबो नसाल तर अलाउ दाबा' म्हटलं होतं आणि घरातल्या कुणीतरी दाबलं होतं, एवढाच तिचा इतिहास. मशीनमध्ये काहीही बसलेलं नसतं, म्हणून अँटिव्हायरस दहा वेळा चालवला तरी सापडत नाही. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, त्यात नोटिफिकेशन, आणि ओळखीच्या नसलेल्या साइट तिथून काढून टाकायच्या. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी, स्क्रीनभर लाल पडदा, भोंग्यासारखा आवाज आणि खाली फोन नंबर. हे निव्वळ एक वेबपेज आहे, पूर्ण पडदा व्यापलेलं. एस्केप दाबून धरा, नाही गेलं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, आणि परत उघडताना जुनी पानं परत आणू का विचारलं तर नको म्हणा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात कधीच फोन नंबर नसतो. या पडद्यानं मशीनला काही होत नाही. जे होतं ते त्या नंबरवर फोन केल्यावर. पलीकडचा गोड बोलून रिमोटचं ॲप टाकायला लावतो, मग 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून लाल-पिवळ्या खुणांची यादी दाखवतो आणि म्हणतो, बघा किती पोखरलंय. ती यादी प्रत्येक धडधाकट विंडोजमध्ये असते. माझ्याकडेही आहे, तुमच्याकडेही असणार. पण एकदा का त्याला आत घेतलं, की तुम्ही उपद्रवाच्या खात्यातून थेट चोरीच्या खात्यात गेलात.

तिसरी, शोधपान आपोआप बदललेलं, न टाकलेलं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचं छोटं ॲप) बसलेलं, आणि घरच्या मशीनवर क्रोम म्हणतोय की हा ब्राउझर तुमची संस्था सांभाळते. काही अँटिव्हायरसही हा संदेश आणतात, पण तसं काही नसेल तर आत खरंच कुणीतरी बसलंय. स्कॅन करा, एक्स्टेंशन काढा, ब्राउझर रीसेट करा.

पेन ड्राइव्हमधली शॉर्टकटं

विद्यापीठात शिकणाऱ्या भाच्याचा प्रोजेक्ट झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून परत आला. पेन ड्राइव्ह लावला तर प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात छोटा बाण, आकार एक-दोन केबी, आणि पोरगं रडवेलं. हा व्हायरसच असतो, त्यात शंका नाही, पण हॅकिंग नव्हे. तो मूळ फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचं शॉर्टकट पुढं करतो. तुम्ही फोल्डर समजून उघडलंत की तो तुमच्या मशीनमध्ये उडी मारतो. म्हणून बाणावर क्लिक करायचं नाही. आधी पेन ड्राइव्ह स्कॅन करायचा, मग एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूतून लपवलेल्या वस्तू दाखवायच्या. प्रोजेक्ट तिथंच फिकट रंगात बसलेला सापडला. भाच्यानं फॉरमॅटचं बटण दाबायच्या आधी फोन केला हे नशीब.

फायलींची नावं बदलून त्या उघडतच नसतील आणि पैसे मागणारी चिठ्ठी पडली असेल, तर ते रॅन्समवेअर. नेट तोडा, बॅकअपची डिस्क लावलेली असेल तर काढा, आणि बिघडलेल्या फायली पुसू नका. २०१६ पासून चालू असलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या प्रकल्पाकडे काही जातींच्या रॅन्समवेअरनं बंद केलेल्या फायली उघडायच्या चाव्या फुकट मिळतात. आज नसली तरी पुढं निघू शकते.

जिथं काहीच दिसत नाही

आता तिसरं खातं. फुकट क्रॅक किंवा ॲक्टिव्हेटर (पैशांचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायच्या चोरवाटा), गेमचा चीट यातून येणारे प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉग-इनच्या कुकीज (साइटनं तुम्हाला ओळखून पासवर्डशिवाय आत घ्यावं म्हणून ठेवलेल्या खुणा) उचलून पाठवतात. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं 'लुम्मा' नावाच्या अशाच चोराचं जाळं तोडलं, तेव्हा दोन महिन्यांत ३ लाख ९४ हजार विंडोज मशीन त्याच्या तावडीत सापडल्याचं सांगितलं होतं. त्यातल्या कितीजणांचा कॉम्प्युटर व्यवस्थित चालत असेल, विचार करा.

त्यामुळे पुरावा मशीनमध्ये नव्हे, तुमच्या मेल-व्हॉट्सॲपच्या खात्यांत शोधायचा. गूगलच्या सुरक्षा पानावर 'तुमची उपकरणं' बघा, अनोळखी मशीन किंवा गाव दिसतंय का. जीमेलच्या सेटिंगमध्ये तुम्ही न लावलेलं फॉरवर्डिंग किंवा फिल्टर आहे का. व्हॉट्सॲपमध्ये जोडलेली उपकरणं कोणती. न मागितलेले ओटीपी येतायत का. यातलं एकही नसेल आणि मशीन नुसतंच कुरकुरत असेल, तर मी पैज लावून बिघाड म्हणेन.

बँकेच्या खात्यातून पैसे गेले म्हणजे घरचाच कॉम्प्युटर हॅक, असंही नसतं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी गेले ते बँकेच्याच यंत्रणेत शिरून. बनावट कार्डांनी काढलेली त्यातली काही रोकड कोल्हापूरच्या एटीएममधून निघाली होती. खातेदारांच्या घरच्या मशीनचा त्यात संबंध नव्हता.

मग करायचं काय: घरी, दुकानात की फॉरमॅट?

बिघाड असेल तर दुकानातच न्या, पण 'हळू चालतोय' असं लक्षण सांगा. 'व्हायरस आहे' असं निदान स्वतः करून दिलंत तर तोही फॉरमॅटच करणार. उपद्रव असेल तर घरी करा. विंडोज सिक्युरिटीत स्कॅनच्या पर्यायांत 'ऑफलाइन स्कॅन' असतो. मशीन रीस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटं घेतो, आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासत असल्यानं लपणाऱ्यांना तिथं पळायला जागा नसते. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची बॉट (मशीन परक्याच्या हुकमावर चालवणारे प्रोग्रॅम) काढायची साधनंही फुकट आहेत.

चोरीचा संशय असेल तर क्रम महत्त्वाचा, आणि तिथंच लोक चुकतात. आधी नेट तोडा. मग फोनवरून, त्या मशीनवरून नव्हे, पासवर्ड बदला. आधी मेलचा, मग बँकेचा, आणि सगळीकडून लॉग-आउट करा. कुकी चोरीला गेली असेल तर नुसता पासवर्ड बदलून काम भागेलच असं नाही. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला लगेच फोन. फॉरमॅट सगळ्यात शेवटी. त्यानं मशीन धुतलं जातं, बाहेर गेलेले पासवर्ड परत येत नाहीत.

आणि फॉरमॅट कोण करणार, हाही प्रश्न आहेच. एकदा मी एका दुकानातून 'साफ' करून आणलेल्या मशीनमध्ये क्रॅक केलेलं विंडोज आणि डिफेंडर बंद केलेला बघितलाय. म्हणजे एक चोर हाकलून दुसऱ्याच्या हातात किल्ली. शक्य असेल तर स्वतःच करा. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टचं मोफत साधन विंडोज उतरवून देतं. ते मात्र दुसऱ्या, निरोगी मशीनवर बसून करायचं.

आत्याचं मशीन विंडोज १० वर आहे, ज्याला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट घेतले तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालतात, ते लावून दिलेत. ८ जीबीचा एक पेन ड्राइव्हही तयार करून दिलाय. तिनं तो देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवलाय, सीआर २०३२ च्या दुसऱ्या सेलशेजारी. दोन सेल एकदमच आणले होते.