‘चौऱ्याण्णव टक्के नक्की, वहिनी!’

आमची पिढी कट-ऑफवर वाढली. पुण्यात दहावीचा निकाल लागला की अमुक कॉलेज अमुक टक्क्यांना बंद झालं, एवढीच चर्चा. पॉइंट दोनने हुकलं तर हुकलं, पण का हुकलं ते कळायचं. ही सवय घेऊन आम्ही न्यू जर्सीत आलो. इथल्या मोठ्या कॉलेजांत कट-ऑफ नावाची चीजच नाही, हे मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नाही असं नाही. मनाने ते घेतलं नव्हतं.

२०२३चा गणेशोत्सव. मंडळाने शाळेचा हॉल घेतलेला, प्रसादाच्या रांगेशेजारी स्टॉल: साड्या, विमा आणि एक कॉलेज-सल्लागार. आपलाच माणूस, मराठी अगदी स्वच्छ. ‘वहिनी, चिरंजीव कितवीत?’ सीनियर, म्हणजे बारावीत, म्हटल्यावर त्याने नुसता सुस्कारा सोडला. ‘उशीर झालाय. पण बघू.’ त्या सुस्काऱ्याची किंमत पुढे ६,८०० डॉलर झाली.

पुढच्या रविवारी तो घरी आला. मी पोहे केले होते. डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून त्याने मुलाचा जीपीए (शाळेच्या गुणांची चारपैकी सरासरी, ३.८७), एसएटी (प्रवेशपरीक्षेचे १६००पैकी गुण, १५१०), नऊ एपी (शाळेतच घेतलेले कॉलेज-पातळीचे विषय) आणि रोबोटिक्स असं सगळं भरलं आणि पडद्यावर रंगीत तक्ता आला. कॉर्नेल, जॉर्जिया टेक, बर्कले, मिशिगन अशी आठ नावं, प्रत्येकापुढे तीसच्या आसपास टक्के. माझा चेहरा पडलेला बघून त्याने फोनवरचा कॅल्क्युलेटर काढला.

‘एका ठिकाणी न मिळण्याची शक्यता सत्तर टक्के, बरोबर? मग आठही ठिकाणी न मिळण्याची किती? ०.७ गुणिले ०.७, असं आठ वेळा.’ ०.०५७६ आलं. फोन माझ्याकडे वळवून म्हणाला, ‘म्हणजे कुठेतरी मिळण्याची चौऱ्याण्णव टक्के नक्की, वहिनी!’

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. लोकांच्या चुका काढायचा पगार घेते. तो गेल्यावर मीही आकडेमोड करून पाहिली, उत्तर तेच आलं. गुणाकार चोख होता. पण हा गुणाकार आठ वेगवेगळे फासे टाकले तर लागू होतो. इथे फासा एकच, माझ्या मुलाची फाइल, आणि आठ जण तीच उघडून बघणार. अर्जातला निबंध एकाला सपक वाटला तर दुसऱ्यालाही वाटणार. संगणक अभियांत्रिकीला अर्जांचा पूर सगळीकडेच. एक नकार आला की बाकीच्यांचीही शक्यता घसरते. आणि मुळात तीस आले कुठून? कॉर्नेल शंभरातल्या साधारण आठांना घेतं. विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘आमचा स्वतःचा डेटा आहे.’ मी मान डोलावली. आकडा हवा होता, मिळाला.

करारात पैसे परत मिळण्याचं कलम होतं. ते वाचून नवराही विरघळला. यादीतल्या बारापैकी एकाही ठिकाणी प्रवेश न मिळाल्यास पूर्ण परतावा. आठ मोठी नावं आणि आमच्या मुलाला कुणाच्याही मदतीशिवाय मिळाली असती अशी चार. म्हणजे परतावा कधीच द्यावा लागणार नाही. हे मला एप्रिलमध्ये उमगलं.

पैसे झेलने, म्हणजे थेट बँक खात्यातून पैसे पाठवायच्या सोयीने, द्यायला लावले. ‘कार्डावर तीन टक्के उगाच जातात, आपल्यात कशाला?’ कार्डाने दिले असते तर बँकेकडे निदान तक्रार करून रक्कम अडवता आली असती. झेलने गेलेले पैसे रोख दिल्यासारखेच.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेआधी त्याने कॉर्नेलला अर्ली डिसिजन, म्हणजे लवकरच्या फेरीचा अर्ज, भरायला लावलं, कारण तिथे प्रवेशाचं प्रमाण जास्त दिसतं. जास्त दिसतं, कारण खेळाडू म्हणून आधीच निवडलेली आणि आईवडील तिथेच शिकलेली मुलंही त्याच गठ्ठ्यात असतात. शिवाय हा अर्ज बांधून घेणारा. प्रवेश मिळाला की बाकी सगळे अर्ज मागे घ्यायचे. फीची सवलत कुठे किती, हे ताडून पाहायला वावच नाही. डिसेंबरात नकार आला तेव्हा आम्ही रडलो. आज वाटतं, वाचलो.

बिंग फुटलं ते बर्कलेमुळे. त्याने दिलेल्या अहवालात चौदाव्या पानावर लिहिलं होतं: डिसेंबरची एसएटी पुन्हा देऊन १५५०च्या वर गेल्यास बर्कलेची शक्यता नऊ टक्क्यांनी वाढेल. मुलाने दिली. थंडीत, सकाळी पावणेआठला, डोळे सुजलेले. जानेवारीत शाळेच्या काउन्सेलर बाईंना हे सांगितलं तर त्या काही क्षण गप्पच राहिल्या. मग म्हणाल्या, कॅलिफोर्निया विद्यापीठाची कुठलीही शाखा, बर्कलेसुद्धा, प्रवेशासाठी एसएटी बघतच नाही. २०२१पासून. अहवालातली ती नऊ टक्के वाढ कशाची होती, देव जाणे.

त्याच बाईंनी फुकटात दोन गोष्टी दाखवल्या. एक, आमच्याच शाळेतून मागच्या वर्षांत कुठल्या गुणांच्या मुलांना कुठे प्रवेश मिळाला आणि कुठे नाही, याचा ठिपक्यांचा आलेख. आमच्या मुलासारखे ठिपके कॉर्नेलच्या चौकटीत बहुतेक लाल, म्हणजे नकाराचे. दुसरी, कॉमन डेटा सेट. बहुतेक कॉलेजं हा कागद दरवर्षी स्वतःच प्रसिद्ध करतात. त्यात ‘सी’ विभाग बघायचा. अर्ज किती, प्रवेश किती, हे सुरुवातीलाच. सी-७च्या तक्त्यात मार्क, निबंध, शिफारसपत्रं, माजी विद्यार्थ्यांशी नातं, राज्याचा रहिवास यांतल्या कशाला किती महत्त्व, ते खुणा करून दिलेलं. सी-९मध्ये प्रत्यक्ष दाखल झालेल्या मुलांचे एसएटी. तो तक्ता बघताना पहिल्यांदा माझ्या डोक्यातलं कट-ऑफचं भूत उतरलं. अख्ख्या विभागात ‘तुमच्या मुलाची शक्यता’ असा रकाना नाही. कॉलेजलाच माहीत नसलेली गोष्ट हा माणूस पोहे खाताना सांगत होता.

मार्चअखेर उरलेले सात निकालही आले. सहा नकार, एक वेटलिस्ट. त्या चारांतलं रटगर्स, आमच्या राज्याचं विद्यापीठ, मिळालं. मुलगा तिथे आहे, मजेत आहे. फीही राज्यातली असल्याने झेपते. सल्लागाराचा निरोप आला, ‘अभिनंदन! यादीतलं मिळालं.’ नंतर त्याच्या भिंतीवरच्या यशस्वी चेहऱ्यांत आमच्या चिरंजीवाचा फोटो. त्याच भिंतीवरच्या ओळखीच्या एका मुलीच्या आईला विचारलं, तर मुलीने त्याच्याकडे फक्त दोन तासांची निबंधाची बैठक घेतली होती, बस.

आणखी एक उशिरा कळलं. घरी येऊन कुणी २५ डॉलर किंवा जास्तीची विक्री केली तर अमेरिकी कायद्याने तीन कामकाजी दिवसांत ती रद्द करता येते आणि तसं सांगणं, रद्द करायचा फॉर्म देणं विकणाऱ्यावर बंधनकारक असतं. आम्हाला फॉर्मऐवजी चकाकता फोल्डर मिळाला होता. ते सगळं लिहून राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे तक्रार दिली आहे. मंडळाच्या कार्यकारिणीलाही पत्र दिलं. उत्तर आलं, स्टॉलचं भाडं भरणाऱ्याची मंडळ जबाबदारी घेत नाही.

यंदाही स्टॉल तिथेच होता, प्रसादाच्या रांगेशेजारी. माझ्या पुढच्या बाईंच्या हातात त्याचं रंगीत पत्रक होतं, लेक अकरावीतली. मी म्हटलं, ‘घरी बोलावू नका, आणि त्याला एवढंच विचारा, बर्कले एसएटी बघतं का?’ त्या रांग सोडून विचारायला गेल्या. परत आल्या तेव्हा हातात पत्रक नव्हतं.