गळ्यातली नळी: चिरा देऊन की सुईने?

पेशंट बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहिला की डॉक्टर ट्रॅकिऑस्टॉमी, म्हणजे गळ्यातून थेट श्वासनलिकेत नळी घालणं, सुचवतात आणि नातेवाइकांपुढे संमतीपत्र येतं. नळी दोन प्रकारे घालतात. (गुदमरणाऱ्या माणसाला कंठमण्याखालच्या पडद्यातून तातडीने वाट करून देतात ती वेगळी, तिथे विचारायला वेळच नसतो.)

चिऱ्याच्या पद्धतीत सर्जन त्वचा कापून, स्नायू बाजूला सारून श्वासनलिका डोळ्यांनी पाहून उघडतो. सुईची पद्धत अमेरिकन सर्जन पास्क्वाले सियाग्लिया यांनी १९८५ मध्ये मांडली. सुईतून तार आत सोडायची, तारेवरून डायलेटर सरकवून भोक रुंद करायचं आणि नळी बसवायची. सुई मधोमध गेली का, हे बहुतेक ठिकाणी दुर्बिणीतून पाहतात.

सुईचं काम सहसा आयसीयूतल्या खाटेवरच उरकतं, त्यामुळे पेशंटला थिएटरपर्यंत हलवण्याची जोखीम टळते. जखमेत संसर्ग कमी होतो, व्रणही लहान राहतो. मृत्यूच्या प्रमाणात मात्र ठोस फरक आढळलेला नाही. गळ्यातली कूर्चेची कडी बोटाला नीट लागत असतील आणि करणाऱ्याचा हात बसलेला असेल, तर मी सुईच निवडेन. लहान मूल, आखूड जाड मान, मोठा गलगंड किंवा गळ्यावर आधी झालेली शस्त्रक्रिया असेल, तर चिराच बरा.

खरी काळजी पहिल्या आठवड्याची. सुईने केलेली वाट ताणून रुंद केलेली असते. नळी निसटली की ती पटकन मिटते आणि घाईत परत घातलेली नळी श्वासनलिकेबाहेरच्या मांसात शिरू शकते. अशा वेळी तोंडातून नळी घालणंच सहसा सुरक्षित असतं. चिऱ्याच्या पद्धतीत श्वासनलिकेला टाके घालून दोरे बाहेर ठेवता येतात. ते ओढले की वाट पुन्हा समोर येते. मला दोन्हींतला सगळ्यात मोठा फरक हाच वाटतो. म्हणून सही करण्याआधी एवढं विचाराच: रात्री नळी निघाली तर धावून येणारं कोण आहे?

घाई करावी का, हेही विचारा. ब्रिटनमधल्या ट्रॅकमन चाचणीत पहिल्या ४ दिवसांत नळी घालणं आणि १० दिवस थांबणं यांत मृत्यूचं प्रमाण सारखंच राहिलं. थांबलेल्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांना ती घालावीच लागली नाही. मानेच्या मणक्याला गंभीर इजा झाली असेल आणि व्हेंटिलेटर लांबणार हे स्पष्ट असेल, तर गोष्ट वेगळी. एरवी आणखी काही दिवस थांबता येईल का, हे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका.